अंगठा काचेवर टेकतो तेव्हा

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरच्या खांडबाऱ्यात रेशनचं धान्य घ्यायचं तर ई-पॉस मशीनला अंगठा लावावा लागतो. क्षणभर थांबायचं, मग पावती निघते. कधी अंगठा लागत नाही, कधी सर्व्हर डाऊन असतो आणि रांग खोळंबते. पण सगळं सुरळीत असतं तेव्हा त्या एका क्षणात इतकं काही घडून जातं, की कळल्यावर मी त्या लहानशा काचेकडे पाहतच राहिलो.

हा अंगठा ज्या आधार क्रमांकाशी ताडला जातो, त्याची सुरुवात याच नंदुरबार जिल्ह्यात झाली. 29 सप्टेंबर 2010 रोजी टेंभली गावात देशातले पहिले क्रमांक दिले गेले. क्रमांक हा नुसता आकडा, तो कुणालाही सांगता येतो. समोर उभा आहे तो त्याच क्रमांकाचा माणूस आहे, हे दूरच्या संगणकाला पटवायचं कसं? ते काम या काचेचं.

अंगठ्यावरच्या रेषा मध्येच कुठे संपतात, कुठे त्यांना फाटे फुटतात. यंत्र त्या जागा टिपतं आणि प्रत्येकीचं स्थान व दिशा आकड्यांत मांडतं. त्या माहितीला लगेच कुलूप लागतं, त्याची किल्ली फक्त त्या एका वेळेपुरती तयार झालेली. 256 बिटांच्या अशा किल्ल्या किती असू शकतात? ती संख्या लिहायला 78 अंक लागतात! जगातले सगळे संगणक जुंपले तरी एकेक करून त्या तपासणं शक्य नाही. मग ही किल्लीही दुसऱ्या कुलपात बंद होते. ते कुलूप कुणालाही लावता येतं, उघडता मात्र फक्त आधार प्राधिकरणाला येतं. दुकानदार, मोबाइल कंपनी, वाटेतला कुठलाही संगणक, सगळ्यांच्या हातातून ठसा जातो आणि कुणालाच दिसत नाही. पलीकडून उत्तर येतं ते ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच.

ठसा आला, पण तो पाठवला कुठल्या यंत्रानं? पूर्वी साधी सेन्सर यंत्रं चालत. त्यातून निघालेली प्रतिमा एखादं लबाड सॉफ्टवेअर साठवून ठेवू शकलं असतं आणि माणूस घरी असताना पुन्हा वापरू शकलं असतं. म्हणून 2017पासून ‘नोंदणीकृत’ यंत्रांचा नियम आला. अशा प्रत्येक यंत्राची स्वतःची गुप्त किल्ली असते, तिनं ते आपली डिजिटल सही करतं, आणि ठसा कधी घेतला ती वेळही सोबत जाते. पहिल्या, एल-0 प्रकारात हे सही-कुलपाचं काम जोडलेल्या फोनच्या किंवा संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्ये होई. एल-1 प्रकारात ते हार्डवेअरमधल्या सुरक्षित कप्प्यातच उरकतं. फोनमध्ये व्हायरस शिरला तरी त्याच्या हाती कुलूपबंद पुडकंच लागतं. माझ्या मते या सगळ्या रचनेतला हा सर्वांत मोलाचा निर्णय आहे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा जन्मभर तोच राहतो.

तरी चोर दुसऱ्या वाटेनं आले. जमिनीच्या दस्तऐवजांवरच्या ठशांवरून नकली बोटं बनवल्याचे प्रकार उघड झाले. यंत्र खरं, सही खरी, बोट खोटं! 2023मध्ये प्राधिकरणानं रेषांच्या नकाशाबरोबर बोटाची प्रतिमाही तपासून ते जिवंत आहे का, हे ओळखणारी पद्धत आणली.

आणि यंत्र कितीही चोख असलं, तरी त्याचा प्रश्न योग्य ठिकाणी पोचतोय का, हे कुणीतरी पाहत राहावंच लागतं. ऑगस्ट 2018मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेत चोरांनी नेमका तोच दुवा गाठला. एटीएम विचारत होतं, ‘पैसे देऊ का?’ तो प्रश्न बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत गेलाच नाही. मध्येच बसवलेल्या बनावट यंत्रणेनं ‘दे’ म्हटलं. 11 तारखेच्या शनिवारी 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, सोमवारी आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली गेली. एकूण सुमारे 94 कोटी रुपये.

लहान बँकेला किंवा पतसंस्थेला अहोरात्र पहारा ठेवणारी स्वतःची माणसं परवडत नाहीत. म्हणून हे काम बाहेरच्या सेवेला देतात, आणि ते योग्यच आहे. पण निवडताना संचालकांनी दरपत्रकाच्या पुढे जाऊन विचारावं: शनिवारी रात्री पडद्यासमोर खरंच माणूस असतो का? आमच्या नावानं मंजूर झालेले एटीएम व्यवहार आणि आमच्या खातेवहीतले व्यवहार तुम्ही सतत ताडून पाहता का? केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेनं 2022मध्ये घातलेल्या नियमानुसार सायबर हल्ल्यासारखी घटना कळल्यापासून 6 तासांत खबर द्यावी लागते आणि 180 दिवसांच्या नोंदी जपाव्या लागतात, ते कोण करणार? आणि संशय आला तर कुणाला न विचारता एटीएमचा दुवा तोडण्याचा अधिकार पहाऱ्यावरच्या माणसाला करारात लिहून दिलाय का?