दूरच्या प्रवासासाठी दुचाकीची गादी

व्यापारी कुटुंबात दुचाकी ही हौसेची वस्तू क्वचितच असते. सकाळी दुकान उघडून मुलाच्या किंवा भावाच्या स्वाधीन करावे आणि स्वतः वसुलीसाठी, मागणी नोंदवून घेण्यासाठी चार गावे फिरून यावे, हा अनेक घरांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा शंभर-दीडशे किलोमीटरचा फेरा घडतोच. अशा माणसाला गाडीचे मायलेज तोंडपाठ असते, टायर केव्हा बदलला हेही स्मरणात असते. मात्र ज्या गादीवर तो दिवसाचे चार-पाच तास काढतो, तिच्याविषयी त्याने कधी विचार केलेला नसतो. कंबर धरली की वयाला दोष द्यायचा आणि मांडीला मुंग्या आल्या की रस्त्याला, अशी आपली रीत झाली आहे.

हा विषय केवळ सुखासीनतेचा नाही. अवघडलेला चालक शेवटच्या तीस-चाळीस किलोमीटरांत सतत चुळबुळ करतो, त्याचे लक्ष रस्त्यावरून उडून स्वतःच्या दुखण्याकडे जाते आणि घर लवकर गाठण्यासाठी तो वेग वाढवतो. संध्याकाळच्या अंधूक उजेडात हे तिन्ही दोष एकत्र आले तर काय होऊ शकते, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको. म्हणून गादीची निवड कशी करावी, याचा थोडा विस्ताराने विचार करू.

भार नेमका कोठे पडतो?

आपण ताठ बसतो तेव्हा शरीराच्या वरच्या भागाचा बहुतेक भार कटिभागाच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर येतो. त्यांना बैठकीची हाडे म्हणता येईल. या दोहोंमधील अंतर माणसागणिक बदलते. ते साधारणपणे १० ते १४ सेंटिमीटर असते आणि स्त्रियांमध्ये थोडे अधिक आढळते. हाड आणि गादी यांच्यामध्ये जो मांसल भाग दाबला जातो, त्याचा रक्तपुरवठा दीर्घकाळ मंदावला की प्रथम उष्णता जाणवते, मग दुखू लागते आणि शेवटी बधिरता येते. मोटारीत पाठीला टेकू असतो, म्हणून भार वाटला जातो. दुचाकीवर तो टेकू नाही. पाय आणि हात जेवढा भार उचलतील तेवढा सोडून उरलेला सर्व गादीनेच पेलायचा असतो.

यावरून चांगल्या गादीचे लक्षण ठरते. हा भार दोन बिंदूंवर एकवटू न देता नितंब आणि मांडीचा वरचा भाग यांवर जी पसरवून देते, ती चांगली गादी.

मऊपणाचा मोह

दुकानात गादी पसंत करताना आपण अंगठ्याने दाबून पाहतो आणि जी सहज दबते ती निवडतो. येथेच फसगत होते. मऊ फोम पहिली दहा मिनिटे सुखद वाटतो. नंतर मात्र तो पूर्ण दबून जातो आणि हाडे खालच्या कठीण पत्र्यावर किंवा प्लॅस्टिकच्या तळावर टेकल्यासारखी होतात. खड्ड्यात गाडी आपटली की तो धक्का थेट मणक्यापर्यंत पोचतो. उलट किंचित कठीण वाटणारी गादी दोन तासांनंतरही तेवढाच आधार देत राहते. कापडाचा कस जसा धुतल्यावर कळतो, तसा गादीचा कस तासाभराने कळतो.

येथे दोन गोष्टींची गल्लत टाळावी. फोमची घनता म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन; सोफ्याच्या बाजारात ३२ किंवा ४० डेन्सिटी म्हणतात ती हीच. कठीणपणा हा निराळा गुण आहे. घनता अधिक असलेला फोम मऊही असू शकतो. परंतु तो लवकर बसत नाही, वर्षानुवर्षे आपला आकार टिकवून धरतो. सोफ्याचा हलका फोम कापून दुचाकीत बसवणे स्वस्त पडते खरे, पण थोड्याच दिवसांत त्यात खळगा पडतो.

भरावाचे प्रकार

आज बहुतेक गाड्यांत जो फोम असतो तो पॉलियुरेथेनचा. या पदार्थाचा शोध जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ मध्ये लावला. साच्यात ओतून घडवलेला असा फोम हाच आजही सर्वांत भरवशाचा पाया आहे.

मेमरी फोमचा जन्म १९६६ मध्ये अमेरिकेच्या नासा या अवकाश संस्थेसाठी विमानातील आसनांवर काम करताना झाला. तो शरीराच्या आकाराप्रमाणे दबतो आणि सावकाश वर येतो. परंतु तो थंडीत कडक आणि उन्हात फार मऊ होतो. म्हणून संपूर्ण गादी त्याची करू नये. घट्ट फोमच्या पायावर त्याचा पातळ थर चालतो.

जेलचा थर भार चांगला पसरवतो, मात्र उन्हात उभी केलेली गाडी असेल तर तो तापतो आणि ती उष्णता लवकर सोडत नाही. आपल्याकडील चैत्र-वैशाखात हा दोष लहान नाही.

हवेच्या कप्प्यांची उशी गादीवर पट्ट्यांनी बांधता येते. ही कल्पना चाकाच्या खुर्चीवर दीर्घकाळ बसावे लागणाऱ्या रुग्णांना दाबाने जखमा होऊ नयेत म्हणून बनवलेल्या उशांवरून आली. तिच्यात हवा कमी ठेवायची असते. हाड आणि तळ यांच्यात बोटभर अंतर राहील एवढीच. फुग्यासारखी फुगवली तर माणूस तिच्यावर डोलू लागतो आणि वळणावर गाडीवरचा ताबा सैल होतो.

आकार, उतार आणि उंची

भराव कितीही उत्तम असला तरी आकार चुकला तर उपयोग नाही. गादीचा मागचा भाग दोन्ही हाडे पूर्ण टेकतील एवढा रुंद हवा. पुढचा भाग निमुळता हवा, अन्यथा मांडीच्या आतील बाजूस काच पडतो आणि पाय जमिनीवर सरळ टेकत नाहीत. गादीला पुढे उतार असेल तर चालक सतत टाकीकडे घसरतो, स्वतःला मागे रेटण्यात त्याचे मनगट आणि खांदे दुखू लागतात. बसण्याची जागा जवळजवळ सपाट असावी.

उंचीचाही विचार हवा. हीरोच्या स्प्लेंडर प्लसची गादी जमिनीपासून ७८५ मिलिमीटर, तर रॉयल एनफिल्डच्या नव्या क्लासिक ३५० ची ८०५ मिलिमीटर उंच आहे. केवळ २० मिलिमीटरचा फरक. पण कमी उंचीच्या माणसाला तो सिग्नलवर उभे राहताना लगेच जाणवतो. गादी वाढवली की गुडघे मोकळे होतात, कमी केली की पाय टेकतात. या दोहोंचा मेळ आपल्या उंचीप्रमाणे घालावा.

आवरण आणि अहिंसेचा प्रश्न

आपल्या घरांत एक प्रश्न ओघानेच येतो. रोजच्या वापराच्या गाड्यांवर बहुधा रेक्झीनचे, म्हणजे प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कापडाचे आवरण असते. परंतु लांबच्या प्रवासासाठी खास बनवलेल्या महाग गाद्यांवर कधी अस्सल चामडे असते, तर काही चालक मेंढीचे केसाळ कातडे अंथरतात. ते हवेशीर असते हे खरे. तथापि तोच गुण जाळीदार कापडाच्या आवरणातही मिळतो, आणि ते पावसात भिजले तरी लवकर वाळते. सोय आणि आचार यांत येथे विरोध नाही. कारागिराला साहित्य कोणते ते आधीच स्पष्ट विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे.

आवरणाची जाड शिवण बैठकीच्या हाडांखाली येऊ देऊ नये. शिवणीतून पाणी आत गेले तर फोम महिनोन्महिने ओला राहतो, म्हणून आत पाणी न झिरपणारा कागद लावून घ्यावा.

मागच्या खिशातील पाकीट

व्यापारी माणसाच्या मागच्या खिशात नोटा, पावत्या आणि कार्डांनी फुगलेले पाकीट असते. त्यावर बसले की एक बाजू उचलली जाते, कणा वाकडा राहतो आणि पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब येतो. अशा पाकिटावर तासन्‌तास बसल्याने कमरेपासून पायापर्यंत कळा येतात, हे वैद्यकशास्त्रात नोंदलेले आहे. पाकीट पुढच्या खिशात किंवा पिशवीत ठेवणे हा एक पैसाही न लागणारा उपाय आहे.

मागे बसणाऱ्यांचा विचार

गादी बदलताना बहुतेक पुरुष स्वतःपुरताच विचार करतात. डबलसीट बसणाऱ्या पत्नीच्या किंवा आईच्या वाट्याला अरुंद आणि उतरती जागा येते. साडी नेसून एका बाजूला बसल्यास सारा भार एकाच नितंबावर येतो आणि तोलही कच्चा राहतो. दूरच्या प्रवासात सोयीचा पोशाख करून दोन्हीकडे पाय टाकून बसणेच हितकर. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी धरण्याचा कायम दांडा, पाय ठेवण्याची जागा आणि वस्त्र चाकात अडकू नये म्हणून मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असणे बंधनकारक आहे. नवी गादी बसवताना यांपैकी काहीही काढू देऊ नये.

खर्चाचा क्रम

हिशेबी माणसाने प्रथम विनाखर्चाचे उपाय करावेत. टायरमधील हवा योग्य आहे का, मागचे शॉकअप आपल्या वजनाप्रमाणे लावले आहेत का, हँडल फार पुढे तर नाही ना, हे पाहावे. त्यानंतर बांधता येणारी उशी वापरून पाहावी. तेवढ्याने भागले नाही तर चांगल्या कारागिराकडून मूळ गादीचा फोम बदलून घ्यावा. तयार नवी गादी हा शेवटचा पर्याय समजावा.

कारागिराकडे स्वतः जावे आणि गाडीवर बसून दाखवावे. फोम भरल्यावर आवरण कायमचे ठोकण्याआधी तात्पुरते बांधून द्यावयास सांगावे आणि आपल्या नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या कपड्यांत, निदान तासभर गाडी चालवून पाहावी. जेथे टोचते तेथे खूण करून आणावी. दोन फेऱ्या अधिक होतील, पण पैसे वाया जाणार नाहीत. शक्य असल्यास मूळ गादी जपून ठेवून जुन्या बाजारातील दुसऱ्या गादीवर हे काम करून घ्यावे. गाडी विकताना मूळ गादी उपयोगी पडते.

सर्वोत्तम गादीही विश्रांतीची जागा घेऊ शकत नाही. पुणे ते कोल्हापूर हे सुमारे २३० किलोमीटरचे अंतर एका दमात कापण्यात पुरुषार्थ नाही. दर तासाला पाच-दहा मिनिटे उतरावे, चार पावले चालावे, पाणी प्यावे. चालताना अधूनमधून फूटरेस्टवर भार देऊन किंचित उठावे, म्हणजे दबलेल्या भागात रक्त पुन्हा खेळू लागते. गाडीवरून उतरल्यावरही बधिरता बराच वेळ टिकत असेल, पायात कळ उतरत असेल, मूळव्याधीचा त्रास किंवा मधुमेह असून बसण्याच्या जागी जखम झाली असेल, तर गादीवाल्याकडे न जाता आधी डॉक्टरांकडे जावे.

दुकानातील गादीवर आपण गिऱ्हाइकाला मानाने बसवतो, ती झटकून, स्वच्छ चादर घालून. रस्त्यावर ज्या गादीच्या भरवशावर घरचा कर्ता माणूस सकाळी बाहेर पडतो आणि रात्री सुखरूप परततो, तिचीही तेवढीच काळजी घेणे उचित होय.