नळी कोणत्या वाटेनं आत गेली?

आमच्या सिंदेवाही तालुक्यात पोटात नळी घेऊन नागपूरहून परतणाऱ्यांत खर्ऱ्यानं तोंडाचा कॅन्सर झालेले रुग्ण फार. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटायचा आणि गालात धरायचा. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी आली, खर्ऱ्याचं घोटणं काही थांबलं नाही. मी परिचारिका, अशा घरांत ड्रेसिंगला जाते. गेल्या गेल्या डिस्चार्ज कार्ड मागते. त्यावर बहुतेकदा ‘फीडिंग ट्यूब’ एवढंच लिहिलेलं असतं. मला हवं असतं ते वेगळंच: नळी कोणत्या वाटेनं घातली, आणि कोणत्या तारखेला? पुढे कोणता त्रास होणार, ते त्यावर ठरतं.

नाकातली रायल्स ट्यूब सगळ्यांच्या ओळखीची. ती चार-सहा आठवड्यांपुरती ठीक, पुढे नाकात जखम होते. खरी भीती ती श्वासनलिकेत शिरण्याची. सिरिंजनं हवा मारून पोटावर गुडगुड ऐकायची ही आमची जुनी रीत, पण फुप्फुसात गेलेल्या नळीचाही आवाज तसाच येऊ शकतो. खात्री एक्स-रेचीच.

जास्त दिवसांसाठी पेग, म्हणजे पोटाच्या कातडीतून थेट जठरात जाणारी नळी. १९७९ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला गॉडरर आणि पॉन्स्की या डॉक्टरांनी एका तान्ह्या बाळाला पोट न फाडता नळी बसवली, तिथून ही पद्धत सुरू झाली. दुर्बीण तोंडातून जठरात जाते, तिचा उजेड पोटाच्या कातडीवर दिसतो. तिथे सुई टोचून दोरा आत सोडतात, तो तोंडातून बाहेर काढून त्याला नळी बांधतात आणि पोटाकडून ओढतात. म्हणजे नळी तोंडातले जंतू घेऊन खाली येते, म्हणून आधी अँटिबायोटिक. खर्ऱ्यानं सडलेल्या तोंडात जंतूंना काय तोटा! गाठीला घासून आलेल्या नळीबरोबर कॅन्सरच्या पेशी पोटावरच्या छिद्रात रुजल्याचीही उदाहरणं आहेत. क्वचित, पण आहेत.

पेगच्या आत एक चकती, बाहेर एक. निसटेल या धास्तीनं घरचे बाहेरची चकती आवळून टाकतात. मग आतली जठराच्या भिंतीत रुतते, वर मांस चढतं आणि पेज उतरेनाशी होते. सेंटिमीटरभर सैल ठेवा, हे मी प्रत्येक घरी सांगते. सगळ्यात फसवं म्हणजे सुई टोचताना मोठं आतडं मध्ये सापडणं. महिनोन्महिने काही कळत नाही. नळी बदलली की नवी नळी आतड्यातच थांबते, आणि दिलेलं अन्न जुलाबावाटे जसंच्या तसं बाहेर पडतं.

वर्षानुवर्षं खर्रा खाल्लेल्यांचं तोंड आखडतं, दोन बोटंही आत जात नाहीत. तिथे दुर्बीण शिरणार कशी? मग जठरात हवा भरून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत, बाहेरूनच नळी आत सरकवतात. तोंडातली घाण टळते. पण या नळीला आत बहुतेकदा चकतीऐवजी पाण्याचा फुगा असतो. तो गळला की नळी हातात! कधी फुगा पुढे सरकून जठराची वाट अडवतो आणि उलट्या सुरू होतात. नळी बारीक असेल तर तुंबतेही लवकर. आमचा धानाचा मुलूख, पेज घरोघरी. ती फडक्यातून गाळून द्यावी, मागून पाणी सोडावं, आणि गोळ्या कुटून तिच्यात कालवू नयेत. नुसत्या पेजेवर माणूस वाळतो, ते वेगळंच.

यातलं काहीच जमलं नाही, तर पोट उघडून जठरात नळी बसवायचं ऑपरेशन. १८९४ ची स्टॅम पद्धत आजही चालते. नळीभोवती गळतं, आम्लानं कातडी सोलवटते, पुढे हर्नियाचीही शक्यता.

रात्री फोन येतो, “सिस्टर, बाबाची नळी निंगाली जी!” मी आधी तारीख विचारते. महिना झाला नसेल तर जठर पोटाच्या भिंतीला धड चिकटलेलं नसतं. घरी घुसवलेली नळी जठराबाहेर जाते आणि पेज पोटाच्या पोकळीत सांडते, त्यातून जीवच जातो. छिद्रावर गॉझ ठेवून तडक दवाखाना. जुनं छिद्र काही तासांत आवळतं, आणि इथे वाघाच्या भीतीनं लोक उजाडायची वाट बघतात. म्हणून जुन्या रुग्णांच्या घरी, डॉक्टरांना विचारून, त्याच मापाची फोलीज कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी वापरतात ती फुग्याची नळी, ठेवायला लावते आणि ती घालायला घरच्यांना शिकवून ठेवते. ती फक्त छिद्र उघडं राहावं म्हणून. दवाखान्यात तपासून होईपर्यंत तिच्यातून पाण्याचा थेंबही द्यायचा नाही.