पाळी, पगार आणि व्यसन

मुंबईच्या कापड गिरण्यांत विडी ओढायला बंदी असे. कापसाच्या तुसावर ठिणगी पडली तर अख्खं खातं पेटायचं. मग तळहातावर तंबाखू-चुना मळायचा, चिमूट गालात धरायची आणि साच्यापुढे उभं राहून पाळी भरायची, ही रीत पडली. रात्रपाळीच्या झोपेवर अन् भुकेवर तोच उतारा. नव्या पोराच्या हातावर पहिली चिमूट ठेवायचा तो शेजारच्या साच्यावरचा जोडीदार. मालकांना आगीची धास्ती होती, कामगाराच्या तोंडाची नव्हती.

१९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा आला, तरी गिरणगावात हातभट्टी मिळतच राहिली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतल्या हजारोंना पुन्हा गिरणीत पाऊल टाकता आलं नाही. काम सुटलं, कामावर लागलेली सवय सुटली नाही.

त्याच दशकात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, आली. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी उभे राहिले. व्यसन हा आजार आहे, हे तिथून लोकांच्या गळी उतरू लागलं. तोवर बहुतेक कारखान्यांत व्यसनी कामगारासाठी दोनच वाटा असत: साहेबांनी पांघरूण घालायचं, नाहीतर नोकरीवरून काढायचं. रजा देऊन उपचाराला पाठवायची तिसरी वाट पुढे काही ठिकाणी रुळली. पण ती कायम कामगारासाठी. कंत्राटी माणसाचा खाडा झाला की दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो. मग तो आजार लपवतो आणि पीत राहतो.

गटारात उतरणाऱ्यांची गत याहून वाईट. घोटभर घेतल्याशिवाय तो वास सोसवत नाही, असं त्यांतले कित्येक जण सांगतात. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने मनाई केली, तरी गुदमरून मरणं थांबलेलं नाही. तिथे दारूवरचं प्रवचन काय कामाचं? तिथे यंत्र हवं.

गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत आपण पिणाऱ्याला सुधारायला निघालो. ज्या कामाने त्याला प्यायला लावलं, ते काम तसंच ठेवलं. झेपेल एवढी पाळी, माणसाला साजेसं काम आणि कंत्राटी कामगारालाही उपचारासाठी पगारी रजा, हे आधी द्या. व्यसनमुक्तीचा उपदेश करायचा अधिकार त्यानंतरचा.