टक्केवारी लावली आणि उल्हासनगर पहिलं आलं! रिपोर्टमधल्या तक्त्याचा क्रम का चुकतो?

ठाणे जिल्ह्यातलं कोणतं शहर सर्वात वेगानं वाढलं? जनगणनेचे आकडे पॉवर बीआयसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून हा प्रश्न विचारला, तर उत्तर ‘उल्हासनगर’ असंही येऊ शकतं. आकडे खरे, सूत्र बरोबर, तरी उत्तर साफ चुकीचं. आणि असाच तक्ता स्क्रीनशॉट होऊन व्हॉट्सॲपवर फिरतो.

नेमकं काय बिघडतं?

२००१ मध्ये ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे १२.६३ लाख होती, २०११ मध्ये १८.४१ लाख. कल्याण-डोंबिवलीची ११.९४ लाखांवरून १२.४७ लाख झाली. हे झाले दोन रकाने. वाढीची टक्केवारी दाखवायला तिसरा रकाना आपण सूत्र लिहून तयार करतो: फरक काढायचा आणि जुन्या आकड्यानं भागायचं. याला कॅल्क्युलेटेड कॉलम म्हणतात.

आज जिल्ह्यात महापालिका असलेल्या सहा शहरांसाठी हे गणित केलं, तर नवी मुंबई ५९.२ टक्के, मीरा-भाईंदर ५५.५, ठाणे ४५.९, भिवंडी १८.५, उल्हासनगर ६.८ आणि कल्याण-डोंबिवली ४.५ असा खरा उतरता क्रम मिळतो.

पण सूत्रातून ४५.९ टक्के नाही, ०.४५८५ असं काहीतरी बाहेर पडतं. ते बघायला बरं दिसत नाही. म्हणून अनेकजण सूत्रातच ‘फॉरमॅट’ हे फंक्शन लावतात. तक्ता छान दिसायला लागतो आणि इथेच घोळ होतो. फॉरमॅटमधून बाहेर पडणारी गोष्ट दिसायला आकडा असली, तरी सॉफ्टवेअरसाठी ती मजकूर असते.

मजकूर शब्दकोशासारखा लागतो. आधी पहिलं अक्षर बघायचं, ते सारखं असेल तर दुसरं. ६ हा ५ पेक्षा मोठा, म्हणून ६.८ थेट ५९.२ च्या वर. उतरत्या क्रमात आता उल्हासनगर पहिलं. मग नवी मुंबई, मीरा-भाईंदर, ठाणे, कल्याण-डोंबिवली. आणि १ पासून सुरू होणारी १८.५ टक्क्यांची भिवंडी सर्वात खाली! मधली चार शहरं मात्र आपसात योग्य क्रमानं लागलेली असतात. त्यामुळे वरवर नजर टाकणाऱ्याला शंका येत नाही. सगळ्याच टक्केवाऱ्या दोन अंकी असत्या, तर ही चूक दिसलीसुद्धा नसती.

मग करायचं काय?

सूत्रात फक्त आकडा ठेवायचा. टक्क्याचं चिन्ह कॉलमच्या फॉरमॅटच्या पर्यायातून द्यायचं. दिसायला तेच, पण आत संख्या शाबूत. मजकूरच हवा असेल, तर ‘सॉर्ट बाय कॉलम’ वापरून त्याचा क्रम दुसऱ्या, आकड्यांच्या रकान्यावरून ठरवता येतो. महिन्यांची नावं इंग्रजीत असली की एप्रिलनंतर ऑगस्ट येतो, तिथेही हाच उपाय. अट एकच: एका मजकुरासमोर एकच आकडा हवा. ४.५१ आणि ४.५४ दोन्ही ‘४.५%’ असे दिसत असतील, तर सॉफ्टवेअर क्रम लावायला नकार देतं.

फक्त तक्ता बघणाऱ्यासाठी एक खूण: साधारणपणे आकडे रकान्यात उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. टक्केवारी डावीकडे चिकटलेली दिसली, तर फॉरवर्ड करण्याआधी थांबा.

आता क्रम सुधारला. कल्याण-डोंबिवली तळाला, दहा वर्षांत फक्त ४.५ टक्के वाढ. सकाळी डोंबिवलीहून लोकल पकडणाऱ्याला हे पटणं कठीणच. त्याची शंका रास्त आहे. २००१ च्या जनगणनेवेळी २७ गावं या महापालिकेत होती. २००२ मध्ये ती वगळली गेली, त्यामुळे २०११ च्या आकड्यात ती नाहीत. २०१५ मध्ये ती पुन्हा महापालिकेत आली. म्हणजे वजाबाकी वेगवेगळ्या हद्दींची झाली. ती २७ गावं दोन्हीकडून सारखी धरल्याशिवाय कल्याण-डोंबिवलीची खरी जागा कळणार नाही, मग रकाना कितीही वेळा सॉर्ट करा.