पडद्यामागचं पाणी

सोलापूरच्या पूर्व भागात अनेक घरांना लागूनच यंत्रमाग चालतात. त्या खडखडाटात सगळेच मोठ्यानं बोलतात. अशा घरातलं चार-पाच वर्षांचं पोर टीव्हीचा आवाज वाढवू लागलं, हाकेला ‘आँ?’ करू लागलं, तर कुणाला वावगं वाटत नाही. शाळेतून मात्र ‘लक्ष देत नाही’ अशी तक्रार येते आणि पोराला बोलणी बसतात. खरा दोष कानाच्या पडद्यामागे साठलेल्या पाण्याचा असू शकतो.

हे पाणी आंघोळीचं नव्हे. मधल्या कानात हवा खेळती ठेवणारी नळी नाकाच्या मागे उघडते. लहान मुलांत ती आखूड आणि बरीचशी आडवी असते. सर्दीनं किंवा नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी वाढल्यानं ती नीट उघडेनाशी झाली की आतली हवा शोषली जाते, पोकळीत द्रव झिरपतो आणि पुढे चिकट होतो. घरात बिडी-सिगारेटचा धूर असेल तर धोका वाढतो. टाळू दुभंगलेल्या बाळांपैकी बहुतेकांना हा त्रास होतो.

कान बहुधा ठणकत नाही, वाहत नाही, तापही नसतो. म्हणूनच हा त्रास नजरेतून सुटतो. मुलाला मात्र कानात बोटं घालून वर्गात बसल्यासारखं ऐकू येतं, आणि बोलायला शिकण्याच्या वयात हे फार महागात पडतं.

नाक-कान-घशाचे डॉक्टर आधी पडदा पाहतात. निरोगी पडदा करडा, चकचकीत दिसतो. पाणी साठलेला मळकट, पिवळसर, आत ओढलेला, कधी मागे बुडबुडे. मग टिंपॅनोमेट्री. कानात रबरी टोक बसवून हवेचा दाब कमी-जास्त करतात. पडदा मोकळा हलत असेल तर आलेखावर टोकदार चढ उमटतो. मागे पाणी असेल तर रेघ सपाट. काही मिनिटांचं काम, सुई नाही.

निदान झालं म्हणजे लगेच शस्त्रक्रिया नव्हे. बहुतेक मुलांचं पाणी तीन महिन्यांत आपोआप जिरतं. अँटिबायोटिक किंवा सर्दीच्या गोळ्यांनी ते लवकर हटत नाही. लसणाचं कोमट तेल तर नकोच. धड पडद्यापलीकडे ते पोहोचतही नाही.

तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांत पाणी असेल आणि ऐकू कमी येत असेल, तर ग्रोमेटचा विचार होतो. पडद्याला बारीक चीर देऊन द्रव ओढून घेतात आणि तिथे इवलीशी नळी बसवतात. 1954 साली अमेरिकेत आर्मस्ट्राँग या डॉक्टरांनी प्लास्टिकची नळी वापरल्यापासून हा उपाय रूढ झाला. सहा महिने ते वर्षभरात ती बहुधा स्वतःच गळून पडते. गरजेनुसार ॲडेनॉइडही काढतात.

मोठ्या माणसाच्या एकाच कानात असं पाणी साठलं, तर नाकामागची जागा तपासून घ्यायलाच हवी. क्वचित तिथे गाठ निघते.

2013 मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलं तपासतात. कानाचे आजारही त्यांच्या यादीत आहेत. पथक आलं की ‘याला कमी ऐकू येतं’ हे आईनं किंवा बाईंनी आवर्जून सांगावं. आणि ‘लक्ष देत नाही’ म्हणून पोराला रागावण्याआधी एकदा त्याचे कान तपासून घ्यावेत.