ग्रीसच्या प्राचीन नगरांतून बसने

अथेन्सच्या एखाद्या रुंद रस्त्यावर सकाळी आठच्या आत एक लांबलचक बस येऊन उभी राहते. निरनिराळ्या देशांची चाळीसएक माणसे आपल्या पेट्या तिच्या पोटात सोपवून आपापली आसने शोधू लागतात. चालकाशेजारी ध्वनिक्षेपक घेतलेला मार्गदर्शक बसतो. ग्रीसमध्ये या व्यवसायाला परवाना लागतो, आणि तो शिक्षण घेतल्याशिवाय मिळत नाही. चार दिवसांत कोरिंथ, मायसिनी, एपिडॉरस, नाफ्प्लियो, ऑलिंपिया आणि डेल्फी ही स्थळे पाहून बस पुन्हा अथेन्सला परतते. ही चाकोरी आता चांगली मळलेली आहे. अष्टविनायकाची यात्रा बसने करणारे भाविक जसे शास्त्रातला क्रम बाजूला ठेवून रस्त्याच्या सोयीचा क्रम पत्करतात, तसेच येथेही घडते. इतिहासाची पाने रस्त्याप्रमाणे पुढेमागे उलटली जातात.

या क्रमाने फारसे बिघडत नाही. प्रवाशाची खरी फसगत होते ती निराळ्याच एका समजुतीने. मोकळ्या माळावर उभे असलेले पांढरे खांब पाहिले की त्याला वाटते, दोन हजार वर्षांपूर्वी माणसे येथून निघून गेली आणि दगड तेवढे मागे राहिले. बहुतेक ठिकाणी हे खरे नव्हे. ही निर्जनता अलीकडची आहे आणि पुष्कळ अंशी ती मुद्दाम घडविलेली आहे.

याचा पुरावा बस सुटण्यापूर्वीच डोळ्यांसमोर असतो. ॲक्रोपोलिसच्या टेकडीवरील पार्थेनॉन हे अथीना देवतेचे मंदिर पुढे कित्येक शतके ख्रिस्ती चर्च होते, आणि नंतर मशीद झाले. 1687 मध्ये व्हेनिसच्या सैन्याने डागलेला तोफगोळा तेथे साठविलेल्या दारूवर पडला आणि इमारत मधोमध फुटली. त्या पडझडीतच पुढे एक लहान मशीद उभी राहिली आणि भोवती तुर्की शिबंदीची घरे होती. ग्रीस स्वतंत्र झाल्यावर हे सारे एकेक करून पाडण्यात आले. मध्ययुगीन सरदारांनी बांधलेला उंच बुरूज 1875 मध्ये गेला. पायथ्याशी प्राचीन बाजारपेठेचे जे विस्तीर्ण पटांगण दिसते, तेथेही दाट वस्ती होती. 1931 पासून अमेरिकन संशोधकांनी तेथे उत्खनन आरंभले, आणि त्यासाठी शेकडो घरे विकत घेऊन पाडण्यात आली. पेरिक्लिसच्या काळाची भेट घडावी म्हणून मधल्या अनेक शतकांना तेथून उठविण्यात आले, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

अथेन्सहून निघालेली बस प्रथम कोरिंथच्या कालव्यावर थांबते. सुमारे सहा किलोमीटर लांबीची ही खोल चीर 1893 मध्ये पूर्ण झाली. रोमन सम्राट नीरोने इसवी सन 67 मध्ये हेच काम काढले होते, पण ते तडीस गेले नाही. पुलावरून खाली पाहून होताच मंडळी पुढे निघतात. जुन्या कोरिंथमध्ये अपोलोच्या मंदिराचे सात खांब उभे आहेत. हे नगर रोमनांनी इसवी सनापूर्वी 146 मध्ये उद्ध्वस्त केले, आणि शंभर वर्षांनी ज्युलियस सीझरने ते पुन्हा वसविले. येथे मात्र वस्ती उठविली ती धरणीनेच. 1858 च्या भूकंपात गाव कोसळले आणि लोकांनी समुद्रकाठी नवे कोरिंथ बांधले. काही कुटुंबे जुन्या जागी राहिली, म्हणूनच आजही अवशेषांच्या कुंपणाला लागून एक खेडे नांदते आहे. बारीक काळ्या मनुकांना इंग्रजीत जो शब्द आहे, तो या कोरिंथच्याच नावावरून आलेला आहे. या मनुकांची आठवण पुढे डेल्फीला पुन्हा निघेल.

ज्याला खऱ्या अर्थाने ओसाड म्हणावे असे एक स्थळ या वाटेवर आहे, आणि ते म्हणजे मायसिनी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा ग्रीक प्रवासी येथे आला, तेव्हाही त्याला तटबंदी आणि सिंहद्वार यांचे अवशेषच दिसले. श्लीमानने 1876 मध्ये येथील थडग्यांतून काढलेले सोन्याचे मुखवटे अथेन्सच्या संग्रहालयात आहेत. सिंहद्वारातून आत गेलेल्या प्रवाशाला दिसतात ते वर्तुळाकार रचलेले दगड आणि रिकामे खड्डे. ज्याने अगोदर संग्रहालय पाहिले असेल त्यालाच ते खड्डे काही सांगू शकतात. सहलीचे आयोजक हा क्रम सांभाळतील तर बरे.

एपिडॉरसच्या नाट्यगृहात पंचावन्न पायऱ्यांची आसने आहेत. मार्गदर्शक मध्यभागी उभा राहून कागद फाडतो आणि शेवटच्या पायरीवर बसलेल्यांना तो आवाज ऐकू येतो, हा तेथील ठरलेला प्रयोग. त्याहून मोलाची गोष्ट अशी की, 1950 नंतरच्या दशकापासून येथे उन्हाळ्यात प्राचीन नाटके होऊ लागली. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली वास्तू आजही आपल्या मूळ कामी येत आहे.

त्याच संध्याकाळी बस नाफ्प्लियोला पोहोचते. अवशेष पाहण्याच्या हौसेने आलेले प्रवासी या गावाला केवळ मुक्कामाची जागा समजतात. वस्तुतः ग्रीसची कथा येथे अखंड वाचावयास मिळते. व्हेनिसच्या लोकांनी बांधलेला पालामिदीचा किल्ला डोक्यावर आहे. चौकालगतची जुनी मशीद स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात लोकप्रतिनिधींचे सभागृह झाली. दुसरी एक मशीद पुढे चित्रपटगृह म्हणून वापरात आली. नव्या ग्रीसची पहिली राजधानी हीच. ती 1834 मध्ये अथेन्सला हलली. देशाचे पहिले प्रमुख कापोदिस्त्रियास यांचा 1831 मध्ये ज्या चर्चच्या दाराशी खून झाला, ते चर्च आजही एका अरुंद गल्लीत उभे आहे. त्या गल्लीत बस शिरू शकत नाही, आणि हे एका परीने सुदैवच. प्रवाशांना पायी हिंडावे लागते आणि दारांत खुर्च्या टाकून बसलेल्या माणसांच्या मधून वाट काढावी लागते.

ऑलिंपियाला कोणाला उठवावे लागले नाही. भूकंपांनी मंदिरे पाडली आणि नद्यांच्या गाळाने सारे झाकले. 1875 मध्ये जर्मन संशोधकांनी तो गाळ उपसावयास सुरुवात केली. 192 मीटरच्या धावपट्टीवर आज सहलीतील म्हातारेकोतारेही हौसेने धावून घेतात.

तेथून उत्तरेकडे निघाल्यावर रिओ येथे समुद्राची खाडी आडवी येते. पूर्वी बस नावेवर चढवून पलीकडे नेत असत. 2004 मध्ये जवळपास तीन किलोमीटरचा पूल झाला. पलीकडच्या किनाऱ्याने, मग ऑलिव्हच्या विस्तीर्ण बागांतून वळणे घेत, बस पर्नासस पर्वताच्या कडेवर डेल्फीला येते.

अपोलोचा कौल घेण्यासाठी राजे येथे दूत पाठवीत. त्या मंदिरावर, कोषागारांवर आणि पवित्र मार्गावर पुढे कास्त्री नावाचे खेडे वसले होते. घरांच्या भिंतींत कोरीव दगड बसविलेले होते, लेखांकित शिळांशेजारी गुरे बांधली जात. खाली काय आहे याची विद्वानांना कल्पना होती. पण गाव हलल्याखेरीज खणणार कोठे? फ्रान्सशी वाटाघाटी कित्येक वर्षे चालल्या, आणि त्यांत ग्रीक मनुकांवरील जकातीचाही प्रश्न गुंतला. अखेर 1891 मध्ये करार झाला. 1892 च्या शरदात उत्खनन सुरू होताच गावकरी आडवे आले, कारण घरांचा मोबदला सर्वांच्या हाती पडला नव्हता. त्यांना रानटी समजण्याचे काही कारण नाही. देव त्यांचा राहिला नव्हता, घर मात्र त्यांचे होते. शेवटी सारे गाव पश्चिमेस सुमारे एक किलोमीटरवर नेण्यात आले, आणि लोखंडी रुळांवरच्या डब्यांतून माती हलू लागली.

त्या मातीखाली जे सापडले ते थोडे नव्हते. 1893 मध्ये स्वरलिपीसह कोरलेली अपोलोची स्तोत्रे मिळाली. प्राचीन जगाचे संगीत लिहिलेल्या रूपात मिळणे ही अपूर्व घटना होय. 1896 मध्ये काशाचा सारथी सापडला; दरड कोसळून तो गाडला गेला म्हणूनच वितळविणाऱ्यांच्या हातून वाचला. मंदिराच्या ओट्याखालील भिंतीवर मुक्त केलेल्या गुलामांचे शेकडो लेख आहेत. कोणी किती मोल देऊन सुटला, हे त्यांत नावानिशी लिहिले आहे. बसची मंडळी बहुधा त्या भिंतीसमोरून छायाचित्रे न घेताच पुढे जातात. अक्षरे बारीक आहेत आणि ऊन प्रखर असते.

संध्याकाळी बस ज्या गावात मुक्कामाला येते, ते हेच हलविलेले कास्त्री. आता त्याचेही नाव डेल्फी आहे. डोंगराच्या उतारावर गावाच्या रस्त्यांचे पट्टे एकावर एक आहेत, आणि त्यांच्या कडेला उपाहारगृहे, स्मृतिवस्तूंची दुकाने, लहान हॉटेले आहेत. येथल्या पुष्कळ हॉटेलांत रस्त्याच्या पातळीवरून आत शिरले की खोल्या खालच्या मजल्यांवर असतात. सज्जात उभे राहिले तर सगळी दरी, ऑलिव्हचे रान आणि दूरवर खाडीचे पाणी दिसते. प्राचीन मंदिराची जागा मात्र तेथून दिसत नाही. ती डोंगराच्या वळणाआड, दहा मिनिटांच्या वाटेवर आहे.