क्षेत्रसंशोधन आणि गव्हाचे रुपये

ग्रंथालयात बसून होणारे संशोधन आणि लोकांत राहून होणारे संशोधन यांतील मुख्य भेद काळाचा आहे. शेतकरी समाजाचा अभ्यास करावयाचा तर पेरणीपासून मळणीपर्यंतचे निदान एक वर्ष तेथे काढावे लागते. त्याआधी भाषा शिकावी लागते आणि गावाचा विश्वास संपादन करावा लागतो. डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याला हा काळ स्वतःच्या खर्चाने मिळत नाही. तो दुसरा कोणी पुरवितो. आणि पुरविणाऱ्याच्या सोयीचा ठसा संशोधनावर उमटतो. याचे एक उत्तम उदाहरण भारतातच घडले.

अमेरिकेत १९५४ साली ‘पब्लिक लॉ ४८०’ हा कायदा झाला आणि १९५६ साली त्याअन्वये भारताशी धान्याचा करार झाला. गव्हाची किंमत भारताने डॉलरांत न देता रुपयांत द्यावयाची होती. हे रुपये अमेरिकी सरकारच्या खाती भारतातच जमा होत. त्यांतील बराच भाग विकासकार्यासाठी भारताला कर्जाऊ मिळे. काही भाग अमेरिकेच्या येथील खर्चासाठी राखून ठेवलेला असे. तो मुक्तपणे डॉलरांत बदलता येत नसल्यामुळे येथेच खर्ची घालणे भाग होते. ग्रंथखरेदी आणि संशोधन हे त्याचे दोन मार्ग ठरले.

१९६१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संस्कृतज्ञ डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांच्या पुढाकाराने अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था स्थापन झाली. तिचे भारतातील पहिले केंद्र पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांना दीर्घ मुक्कामासाठी ती शिष्यवृत्त्या देऊ लागली, आणि या कार्याला गव्हाच्या रुपयांचा मोठा आधार मिळाला. त्या पिढीच्या अभ्यासाने काय साधले, हे एलिनॉर झेलियट यांनी १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला सादर केलेल्या डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ यांवरील प्रबंधावरून दिसते. मराठी साधनांत शिरल्यावाचून तो विषय हाती येणारा नव्हता.

तथापि या व्यवस्थेला मर्यादाही होत्या. पैसा भारतातच खर्चावयाचा असल्यामुळे अभ्यासकाची वाट काही अंशी चलनानेच आखून दिली. दुसरे असे की, ही वाट एकेरी होती: अमेरिकी विद्यार्थी महाराष्ट्रातील खेडे पाहू शके, परंतु अमेरिकेतील खेडे पाहू इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला या रुपयांचा उपयोग नव्हता. तिसरी बाब विश्वासाची. अमेरिकी लष्कराच्या पैशावर आखलेली ‘कॅमेलॉट’ योजना चिलीतील गदारोळानंतर १९६५ साली रद्द झाली. १९६८ साली हिमालयीन प्रदेशांच्या एका अभ्यासामागे अमेरिकी संरक्षण खात्याचा पैसा असल्याचे उघड होताच भारतातही संताप उसळला. त्याची झळ निरुपद्रवी विद्यार्थ्यांनाही लागली, कारण परदेशी संशोधकांची छाननी कडक झाली.

दात्याचे धोरण पालटले की ओघ आटतो, हे २०२५ सालीही दिसून आले. परदेशी क्षेत्रसंशोधनासाठी असलेल्या फुलब्राइट-हेज डॉक्टरेट शिष्यवृत्तीची त्या वर्षाची निवडप्रक्रिया अमेरिकी शिक्षण खात्याने रद्द केली.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा की, अनुदानाचा विचार केवळ रकमेवरून करणे अपुरे आहे. पैशाचा उगम उघड असणे, प्रश्न ठरविण्याचे स्वातंत्र्य विद्यार्थ्याकडे असणे आणि ज्या देशात अभ्यास व्हावयाचा तेथील विद्यार्थ्यालाही तशीच संधी असणे, या तिन्ही गोष्टी तितक्याच आवश्यक आहेत. भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद १९६९ साली स्थापन झाली. देशातील संशोधनाला देशाचाच आधार हवा, ही जाणीव तिच्यामुळे संस्थारूप पावली. ज्या समाजाचा अभ्यास होतो, त्याने आपले प्रश्न स्वतः विचारावयाचे असतील, तर त्यांसाठी लागणारा काळही त्यालाच पुरवावा लागेल.